गोल्फ क्लबवर जे-वन: इंटर्न की समर वर्क ट्रॅव्हल?

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या गोल्फ क्लबवर जून महिन्यात पहाटे साडेपाचला बंकरमधली वाळू सारखी करणारी दोन परदेशी मुलं दिसली, तर कोण काय म्हणून आलंय हे बघून सांगता येणार नाही. टी-शर्ट तोच, दाताळं तेच, पासपोर्टवरचा व्हिसाही तोच, जे-वन. पण एक जण ‘इंटर्न’ म्हणून आलेला असतो आणि दुसरा ‘समर वर्क ट्रॅव्हल’वर, म्हणजे सुट्टीत काम करून देश बघण्याच्या कार्यक्रमावर. जाहिरातींत मात्र दोन्हींना सर्रास ‘पेड इंटर्नशिप’ म्हटलं जातं. पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जे-वन ही एकच गोष्ट नाही. १९६१च्या कायद्यावर उभ्या असलेल्या या विनिमय कार्यक्रमात बऱ्याच कॅटेगऱ्या आहेत आणि देखरेख अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची असते. आपली कॅटेगरी कोणती, हे डीएस-२०१९ या फॉर्मवर लिहिलेलं असतं. तो फॉर्म क्लब देत नाही, परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था, म्हणजे स्पॉन्सर देतो. क्लब फक्त यजमान. क्लबच्या मॅनेजरशी व्हिडिओ कॉलवर गप्पा छान झाल्या म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

पात्रतेत दोन्हींकडे विद्यार्थीच अपेक्षित आहे, म्हणून फरक चटकन दिसत नाही. इंटर्न अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात शिकत असावा लागतो, किंवा पदवी मिळून कार्यक्रम सुरू होईपर्यंत १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा. मुदत जास्तीत जास्त १२ महिने, आणि काम तुमच्या अभ्यासाच्या विषयाशी जोडलेलं हवं. समर वर्क ट्रॅव्हलला विषयाचं बंधन नाही. इतिहास शिकणारा मुलगाही क्लबच्या स्नॅक बारवर उभा राहू शकतो. किमान एक सेमिस्टर पूर्ण झालेली असावी, कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत जावं आणि चार महिन्यांच्या आत आटपावं, एवढंच.

खरा फरक आहे तो डीएस-७००२ या फॉर्मात. हा प्रशिक्षणाचा आराखडा. तो फक्त इंटर्न आणि ट्रेनी यांच्यासाठी असतो. कोणत्या टप्प्यात काय शिकवणार, कोण शिकवणार, शिकलं की नाही हे कसं तपासणार, मोबदला किती, हे सगळं त्यात लिहायचं आणि इंटर्न, सुपरवायझर व स्पॉन्सर अशा तिघांनी सह्या करायच्या. आठवड्याला किमान ३२ तास, कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, अकुशल मजुरी तर नाहीच. सहा महिन्यांपेक्षा मोठा कार्यक्रम असेल तर मध्यावर आणि शेवटी लेखी मूल्यमापन. समर वर्क ट्रॅव्हलच्या मुलाला शिकवण्याची अशी लेखी जबाबदारी कोणावरच नसते. स्पॉन्सर त्याची नोकरी तपासतो, महिन्यातून एकदा विचारपूस करतो, पण त्याला गवताबद्दल काही कळलं का, हे कुणी विचारणार नाही.

आता हा आराखडा वाचायचा कसा? मैदानाच्या बाजूला, म्हणजे ज्याला तिथे टर्फ म्हणतात त्या कामात, कृषी आणि उद्यानविद्येच्या मुलांना भरपूर शिकण्यासारखं आहे. सुरुवात सगळ्यांची बंकर आणि दव झाडण्यापासूनच होते, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. दव का झाडायचं हे सांगणारा सुपरिंटेंडंट, म्हणजे मैदानाचा प्रमुख, भेटला, तर त्या कामातही धडा आहे: पानं जितकी जास्त वेळ ओली, तितकी बुरशीला सोय. नाण्याएवढे फिकट डाग पाडणारा ‘डॉलर स्पॉट’ हा रोग अशा ओलाव्यात फोफावतो. पुढच्या टप्प्यात ग्रीनची, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीची, कापणी यायला हवी. तिथलं गवत साधारण ३ मिलिमीटरवर कापतात, मोवरचं (गवत कापायच्या यंत्राचं) पातं जरा वाकडं बसलं की जखम थेट दिसते. मग स्टिम्पमीटर या उतरत्या पट्टीवरून सोडलेला चेंडू किती लांब जातो यावरून ग्रीनचा वेग मोजणं, १०८ मिलिमीटर व्यासाचं भोक नव्या जागी पाडणं, ओलावा मोजून हाताने पाणी देणं. जुलैच्या उन्हात बेंटग्रास या ग्रीनवरच्या गवताची मुळं आखडतात. तेव्हा कुठे भरपूर पाणी द्यायचं आणि कुठे नुसता शिडकावा मारून पान थंड करायचं, हा निर्णय पुस्तकातून येत नाही. यूएसजीए या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने १९६०मध्ये जी पद्धत सुचवली, तिच्यात ग्रीनखाली सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर असतो आणि त्याखाली खडी. पाणी तिथे का थबकतं आणि कधी निचरतं, हे ज्याला कळलं त्याचा उन्हाळा वाया गेला नाही.

आठव्या आठवड्यातही तुम्ही रोज फक्त बंकरच ओढत असाल, तर आराखडा कागदावरच राहिलाय. तो उघडून सुपरवायझरसमोर ठेवता येतो, आणि ऐकलं नाही तर स्पॉन्सरला कळवता येतं. हे बळ समर वर्क ट्रॅव्हलच्या मुलाकडे नसतं. पगार किंवा राहण्याची जागा याबद्दल तोही तक्रार करू शकतो, ‘मला शिकवत नाहीत’ ही मात्र त्याची तक्रार होऊ शकत नाही.

क्लबहाऊसच्या बाजूला, हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांसाठी, एक सोपी कसोटी आहे. आदरातिथ्य क्षेत्रातली इंटर्नशिप सहा महिने किंवा त्याहून मोठी असेल, तर किमान तीन विभागांत फिरवावंच लागतं. डायनिंग रूम, बँक्वेट आणि किचन, असं काहीतरी. वर्षभर एकाच बारमागे उभं करणारी ‘इंटर्नशिप’ नियमात बसत नाही.

समर वर्क ट्रॅव्हलला मी कमी लेखत नाही. तीन महिने मोकळे आहेत, परदेश बघायचा आहे, तिकिटाचे पैसे थोडेफार वसूल व्हावेत एवढीच अपेक्षा आहे, तर तोच प्रामाणिक पर्याय. त्यात थोडी मोकळीकही आहे: स्पॉन्सरच्या परवानगीने नोकरी बदलता येते, जोडीला दुसरी धरता येते. इंटर्नला आराखड्याबाहेर काम करता येत नाही. २०११मध्ये पेनसिल्व्हेनियात हर्शी चॉकलेटच्या पॅकिंग गोदामात याच कार्यक्रमावर आलेल्या मुलांनी संप केला होता, आणि २०१२मध्ये नियम कडक झाले. गोदामं, कारखाने बंद झाले. मुख्यतः रात्री दहा ते पहाटे सहा या वेळेतलं कामही बंद. ज्याला ड्रायव्हिंग लायसन्स लागतं असं वाहन चालवण्याचं काम चालत नाही, त्यामुळे क्लबच्या दारात सभासदांच्या गाड्या लावण्याची नोकरी कुणी देऊ केली तर ती नियमाबाहेरची आहे.

पैशांचं थोडक्यात. सेविस फी (परदेशी विद्यार्थी आणि पाहुण्यांच्या सरकारी नोंदणीची फी) इंटर्नला २२० डॉलर, समर वर्क ट्रॅव्हलला ३५. स्पॉन्सरची फी वेगळी, आणि ती बहुधा मोठी. नुकत्याच आलेल्या दोघांच्याही पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या तिथल्या पेन्शन व आरोग्यविम्याच्या सरकारी योजनांची मिळून ७.६५ टक्के कपात सहसा होता कामा नये. पहिल्याच पे-स्लिपवर ती दिसली तर ऑफिसात जाऊन विचारा. आयकर भरावाच लागतो.

मैदानावर तिसराही कुणीतरी असतो, एच-टू-बी व्हिसावरचा हंगामी कामगार. तो विद्यार्थी नसतो, त्याला क्लबनेच कामगार म्हणून आणलेलं असतं, आणि या व्हिसाची मूळ मर्यादा वर्षाला ६६,००० आहे. ती लवकर संपते. मग मोवर चालवायला माणूस कमी पडला की इंटर्नकडे नजर वळते, असं मला वाटतं. कामगाराची जागा इंटर्नने भरणं नियमाला धरून नाही. म्हणून मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: मैदानावर एकूण माणसं किती, आणि त्यांत इंटर्न किती? निम्म्याहून जास्त इंटर्न असतील, तर तो क्लब शिकवत असेल असं मी तरी धरणार नाही.

एजंट म्हणाला की ‘डीएस-७००२ नंतर पाठवतो, आधी पैसे भरा’, तर थांबा. इंटर्नच्या बाबतीत हा फॉर्म भरून, सह्या होऊन स्पॉन्सरकडे गेल्याशिवाय डीएस-२०१९ निघू शकत नाही. आणि ‘आमच्याकडे तो फॉर्म लागतच नाही’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला विकली जातेय ती इंटर्नशिप नाही.