भांगातल्या सेंटीमीटरचा हिशेब

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. आज केस काळे केले तर तीन आठवड्यांत भांगाच्या दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटरची पांढरी रेघ उघडी पडते, आणि काळ्याभोर केसांत ती लांबूनही दिसते. मग पुन्हा रूट टच-अप, म्हणजे मुळांपुरता रंग. असं वर्षाला सतरा वेळा. पंचेचाळिशीत सुरू करून पासष्टीला थांबायचं म्हटलं, तर जवळजवळ साडेतीनशे वेळा. केस रंगवावेत की नाही, या प्रश्नाला नटवेपणाचा किंवा धीटपणाचा मुलामा फार लवकर दिला जातो. त्याआधी हा हिशेब मांडलेला बरा, कारण पैसा असो, केसांची झीज असो की ॲलर्जीचा धोका, सगळं या आकड्याबरोबर वाढत जातं.

काळा केस पांढरा होत नाही, तो मुळातच पांढरा उगवतो. केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी मेलॅनिन तयार करून वाढत्या केसात भरत असतात. त्वचेबाहेर आलेला भाग मृत असतो, त्याचा रंग आतून बदलत नाही. या रंगपेशी ज्या मूळपेशींपासून तयार होतात, त्यांचा साठा वयाबरोबर आटतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांवर दाखवलं की, या मूळपेशी नेहमी मरतातच असं नाही. त्या एका जागी अडकून पडतात आणि जिथे पोचून रंग तयार करायचा तिथे पोचतच नाहीत. २००९ मधल्या एका अभ्यासात पांढऱ्या केसांच्या मुळाशी हायड्रोजन पेरॉक्साइड साठलेलं आढळलं, कारण त्याचं विघटन करणारं कॅटलेझ हे विकर तिथे कमी झालेलं होतं. कलपाबरोबर येणाऱ्या दुसऱ्या बाटलीतही तेच रसायन असतं, हा योगायोग गमतीचा आहे.

ताणाने केस पिकतात का? उंदरांत पिकतात, हे हार्वर्डच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. माणसांबाबत कोलंबिया विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास बोलका आहे. चौदाच स्वयंसेवक, पण काहींचे मोजके पांढरे केस मुळाकडून पुन्हा काळे झालेले दिसले. एकाचे पाच केस तर सुट्टीच्या काळात. मात्र हे पांढरं होण्याच्या उंबरठ्यावरच्या केसांबद्दलचं निरीक्षण आहे. दहा वर्षं पांढरा उगवणारा केस विश्रांतीने किंवा कोणत्याही तेलाने काळा होत नाही. पंचविशीच्या आत केस भराभर पिकू लागले तर बी-१२, थायरॉइड आणि लोह तपासून घ्यावं. पंचेचाळिशीत पिकले तर त्यात तपासण्यासारखं सहसा काही नसतं. पांढरा केस उपटल्याने शेजारचे पिकत नाहीत, पण त्याच मुळातून पुन्हा पांढराच येतो आणि सतत उपटल्याने मूळ दुखावून भांग विरळ होतो. पन्नाशीत तो तसाही विरळ होत असतो.

आता रंगाकडे. टिकाऊ रंगाची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. केसावरचे खवले कौलांसारखे एकमेकांवर बसलेले असतात. अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ ते फुगवतो. आत शिरतात ते रंगहीन, छोटे रेणू. त्यांतला मुख्य म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी. पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे, रंगीत रेणू बनतात आणि मोठे झाल्यामुळे आतच अडकतात. म्हणून रंग धुऊन जात नाही. पण पेरॉक्साइड तेवढ्यावर थांबत नाही. ज्या केसांत अजून नैसर्गिक काळेपणा आहे, त्यालाही ते थोडं फिकट करतं. रंगवलेले केस तीन-चार महिन्यांनी टोकांकडे तांबूस दिसतात ते याचमुळे. आणि ते तांबूसपण झाकायला पुन्हा टोकांपर्यंत रंग ओढला जातो.

नुकसानीचं सर्वांत मोठं कारण हेच. दर वेळी रंग फक्त नव्याने उगवलेल्या पट्ट्याला लावायचा असतो. खांद्याइतक्या, म्हणजे तीस सेंटीमीटर केसांचं टोक अडीच वर्षांचं असतं. दर तीन आठवड्यांनी पूर्ण लांबीला रंग लावला, तर त्या टोकाने चाळीसहून जास्त वेळा पेरॉक्साइड सोसलेलं असतं. मग ते तुटणारच. टोकं फिकी वाटलीच तर शेवटची पाच मिनिटं ओल्या हाताने थोडा रंग खाली ओढावा, तोही तीन-चार वेळांतून एकदा.

घरी करणाऱ्यांसाठी थोडं नेमकं. पांढरे केस झाकायला सहा टक्के पेरॉक्साइड लागतं, म्हणजे पार्लरच्या भाषेत २० व्हॉल्यूमचं डेव्हलपर. १० व्हॉल्यूमने जाड पांढऱ्या केसांवर रंग नीट बसत नाही. ३० आणि ४० व्हॉल्यूम केस उजळवण्यासाठी असतं. पांढऱ्या केसांत उजळायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे ते टाळू पोळण्यापलीकडे काही करत नाही. सुरुवात कानशिलं आणि कपाळावरच्या कडेपासून करावी, कारण तिथले केस रंग सर्वांत उशिरा घेतात. वेळ मोजायची ती लावून संपल्यापासून, पाकिटावर असेल तेवढी, बहुधा तीस ते पंचेचाळीस मिनिटं. घाईने वीस मिनिटांत धुतलं तर रेणू पुरते जोडले जात नाहीत आणि आठवड्याभरात रंग उतरल्याची तक्रार सुरू होते. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची घ्यावी, धातूची नको. कालवलेलं मिश्रण उरलं तर फेकून द्यावं; झाकण घट्ट लावून ठेवलं तर आत वायू साठून बाटली फुटू शकते.

छटा निवडताना बहुतेक जणी चुकतात, ती चूक म्हणजे क्रमांक १, काळाकुळीत. पाकिटावरचा पहिला आकडा गडदपणा सांगतो: १ काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी. बिंदूनंतरचा आकडा झाक सांगतो. आठवणीतल्या केसांपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट रंग घेतला की पांढऱ्या मुळांशी त्याचा विरोध कमी दिसतो आणि तीन आठवड्यांचं अंतर पाच आठवड्यांवर जातं. साडेतीनशेचा आकडा दोनशेवर येतो तो इथेच. लालसर झाक आवडत असेल तर ती नुसती लावू नये, पांढऱ्या केसावर ती भडक उठते. त्याच क्रमांकाची नैसर्गिक छटा निम्मी मिसळावी.

केस एकचतुर्थांशापेक्षा कमी पिकले असतील तर टिकाऊ रंगाची गरजच नसते. सेमी-परमनंट रंगात पेरॉक्साइड नसतं. तो पांढऱ्या केसांना फक्त झाक देतो, सहा ते बारा धुण्यांत उतरतो आणि मुख्य म्हणजे सीमारेषा ठेवत नाही. एखाद्या लग्नापुरतं झाकायचं असेल तर भांगाला लावायची पूड पुरते. रात्री धुतली की गेली. सरळ भांग मोडून नागमोडी पाडला तरी पांढरी रेघ निम्मी हरवते, त्याला पैसेही पडत नाहीत.

ॲलर्जीचा भाग मात्र हलक्याने घेण्यासारखा नाही. पीपीडीची ॲलर्जी पहिल्यांदा लावल्यावरच येते असं नाही. पंधरा वर्षं काही न होता सोळाव्या वर्षी येऊ शकते. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या रेणूला ओळखायला शिकते आणि एकदा शिकली की सहसा जन्मभर विसरत नाही. खाज, कपाळाच्या कडेला पुरळ किंवा पाणी सुटणं, पापण्या सुजणं ही लक्षणं रंग लावल्यावर लगेच नव्हे, तर एक ते तीन दिवसांनी येतात. म्हणून दहा मिनिटांची ‘टेस्ट’ उपयोगाची नाही. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे थोडंसं मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावावं आणि ४८ तास वाट पाहावी, दर वेळी. थोडी जरी खाज आली तरी तो रंग बंद. ‘या खेपेला थोडं कमी लावू’ हा विचार दवाखान्यात नेतो. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठावं. भुवया आणि पापण्यांना तर हा रंग कधीच लावू नये. त्याने अंधत्व येऊ शकतं, असा इशारा पाकिटावर छापणं भारतात कायद्यानेच बंधनकारक आहे.

‘अमोनिया-फ्री’ या शब्दांचा पीपीडीशी काही संबंध नाही. अमोनियाऐवजी तिथे बहुधा मोनोइथॅनॉलअमीन असतं, त्याला वास कमी येतो, एवढंच. ‘हर्बल’ आणि ‘काळी मेंदी’ हे शब्द आणखी फसवे. खरी मेंदी केसांवर तास-दोन तास ठेवावी लागते आणि रंग केशरी-तांबडा देते. जी पूड पाण्यात कालवून अर्ध्या तासात केस काळे करते, तिच्यात मेंदीखेरीज दुसरं काहीतरी आहे, आणि ते बहुतेक वेळा पीपीडीच असतं. पाकिटाची मागची बाजू वाचावी. ॲलर्जी झाल्यावर ‘नैसर्गिक’ म्हणून याच पुड्यांकडे वळणाऱ्या बायका त्वचारोगतज्ज्ञांकडे पुन्हा पोचतात.

पीपीडीशिवाय काळसर रंग हवा असेल तर मेंदी आणि नीळ (कपड्यांची नव्हे, निळीच्या झाडाच्या पानांची पूड) हा जुना, वेळखाऊ पण खरा मार्ग आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना प्रत्येकी शंभर ग्रॅम पुरते. मेंदी चहाच्या कोमट पाण्यात सहा-आठ तास भिजवून दोन-तीन तास लावायची आणि नुसत्या पाण्याने धुवायची. मग निळीच्या पानांची पूड कोमट पाण्यात कालवायची, दहा-पंधरा मिनिटांत वरचा थर निळसर-काळा झाला की लगेच लावायची आणि तास-दीड तासाने धुवायची. निळीत लिंबू, दही काही घालायचं नाही. आंबटपणात तिचा रंग सुटत नाही. मेंदीशिवाय थेट पांढऱ्या केसांवर नीळ लावली तर केस हिरवट-निळसर होतात. दोन दिवस शाम्पू करू नये, हवेतल्या ऑक्सिजनने रंग तेवढ्या वेळात गडद होतो. मेंदीच्या केसांवर नंतर पार्लरचा रंग घ्यायचा असेल तर आधी चार-सहा केस कापून ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड आणि अमोनियाचे वीस थेंब यांत अर्धा तास बुडवून पाहावेत. मिश्रण तापलं किंवा केसांचा रंग विचित्र बदलला तर पुडीत धातूचे क्षार होते. अशा केसांना पेरॉक्साइड लावलं तर ते डोक्यावरच तुटतात.

कर्करोगाची भीती अनेकींच्या मनात असते. अमेरिकेतल्या १,१७,२०० परिचारिकांचा ३६ वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. घरगुती वापराने बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला दिसला नाही; स्तनाच्या काही प्रकारांत आणि बीजांडकोशाच्या कर्करोगात किंचित वाढ दिसली. २०१९ च्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात ४६,७०९ स्त्रिया होत्या, ज्यांच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला होता. टिकाऊ रंग वापरणाऱ्यांत धोका ९ टक्क्यांनी जास्त निघाला, कृष्णवर्णीय स्त्रियांत ४५ टक्क्यांनी. हे आकडे तुलनेतले आहेत: जिथे शंभर जणींना आजार होतो, तिथे १०९ जणींना. घाबरून जाण्याइतकं हे नाही, आणि दर पंधरा दिवसांनी रंगवावं इतकं निर्धास्त करणारंही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वैयक्तिक वापराबाबत पुरावा अपुरा मानला, पण केशकर्तन व्यवसायातला संपर्क ‘कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता’ या गटात टाकला. रंग लावून देणाऱ्या पार्लरमधल्या मुलीच्या हातात हातमोजे आहेत का, हे निदान पाहावं.

थांबायचं ठरवलं तर पुन्हा तोच सेंटीमीटर. मानेपर्यंतच्या बारा सेंटीमीटर बॉबला एक वर्ष, खांद्यापर्यंत अडीच, कमरेपर्यंतच्या वेणीला पाच. सर्वांत अवघड काळ चौथ्या ते दहाव्या महिन्याचा असतो. पट्टा रुंद झालेला असतो आणि कापून टाकण्याइतका लांब नसतो. बहुतेक जणींचा निश्चय याच टप्प्यात ढळतो, म्हणून तयारी आधी करावी. बंद करण्याच्या सहा महिने आधीपासून छटा पायरीपायरीने फिकट करत न्यावी, मग पेरॉक्साइड नसलेल्या रंगावर यावं आणि दर दोन महिन्यांनी टोकं छाटावीत. पार्लरमध्ये बारीक फिकट बटा काढून सीमारेषा पुसट करता येते. सगळा काळा रंग ब्लीचने एकदम काढून चंदेरी करण्याचं आश्वासन मात्र घेऊ नये. वर्षानुवर्षांचा कृत्रिम काळा रंग आधी नारिंगी होतो, आणि तो पांढुरका होईपर्यंत केसात जीव उरत नाही.

पांढऱ्या केसांनाही निगा लागते, वेगळी. मेलॅनिन नसल्याने ऊन थेट केसातल्या प्रथिनांवर पडतं, आणि रजोनिवृत्तीनंतर टाळूचं तेल कमी झाल्याने केस राठ वाटतात. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की, धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसांतून होणारी प्रथिनांची गळती कमी करतं. खनिज तेल आणि सूर्यफुलाचं तेल ते करत नाही. मात्र धुतल्यावर पिवळसर तेल चोपडलं तर केसांवर तीच पिवळी झाक बसते. बोअरच्या पाण्यातलं लोह, धूर आणि तापलेली इस्त्री यांनीही पिवळेपणा येतो. त्यावर जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. केसांवर फिकी जांभळी झाक दिसू लागली तर तो पंधरा दिवसांतून एकदा करावा.