दात शिवशिवतोय की दाढेला तडा गेलाय?

गार पाणी लागून दात शिवशिवला की सोलापुरात पहिली धाव मेडिकलकडे, सेन्सिटिव्हिटीच्या पेस्टसाठी. दात झिजले असतील तर उपाय बरोबर आहे. दाढेला तडा गेला असेल तर मात्र पेस्ट घासण्यात महिने जातात आणि तडा मुळाकडे सरकत राहतो.

झिजेची शिवशिव बहुधा चार-पाच दातांत, हिरडीलगत असते. मिश्री, कडक ब्रश, जोर लावून आडवं घासणं यांनी हिरडी मागे सरते आणि आतलं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडतं. त्यातल्या सूक्ष्म नळ्यांमधलं द्रव गार किंवा आंबट लागताच हलतं आणि कळ येते. बर्फ घातलेल्या रसाचा घोट घशाखाली उतरला की एक-दोन सेकंदांत ती थांबते. चावताना त्रास नाही. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिवसातून दोनदा वापरली तर 2 ते 4 आठवड्यांत फरक पडतो.

तड्याची कळ एकाच दाढेत, चावताना, आणि बऱ्याचदा चावून दाब सोडताना येते. ही खूण ध्यानात ठेवावी. दाबाखाली तड्याच्या दोन बाजू फाकतात, दाब सुटला की झटकन मिटतात, आणि आतलं द्रव ढवळून निघतं. गार लागूनही कळ येते, म्हणूनच गल्लत होते. नेमकी कोणती दाढ हे रुग्णाला अनेकदा बोट ठेवून सांगता येत नाही. दाताच्या नसेला दुखणं कळतं, जागा कळत नाही.

खापर फुटतं कडक भाकरीवर. पातळ, कुरकुरीत भाकरी दाताखाली चुरा होते, धडधाकट दाढ तिने तडकत नाही. भाकरीतला खडा, सुपारीचं खांड, मटणाची नळी, दाताने उघडलेलं बाटलीचं झाकण हे खरे संशयित. त्यातही दाढ आधीच कमकुवत असते: जुनं मोठं चांदीचं फिलिंग, रूट कॅनल करून कॅप न बसवलेली दाढ, किंवा झोपेत दात खाण्याची सवय. सर्वाधिक तडे खालच्या दाढांना जातात.

‘एक्स-रे चांगला आला, म्हणजे तडा नाही’ हा निष्कर्ष चुकीचा. तडा बहुधा पुढून मागे जातो आणि एक्स-रेचा किरण गालाकडून जिभेकडे, त्यामुळे बारीक भेग फिल्मवर उमटत नाही. म्हणून डॉक्टर दाढेच्या एकेका टोकावर प्लॅस्टिकची छोटी पट्टी ठेवून चावायला आणि सोडायला लावतात. मग बाजूने प्रखर प्रकाश टाकतात: खऱ्या तड्यापाशी तो अडतो, पलीकडचा भाग काळवंडलेला दिसतो. पुढच्या दातांवरच्या केसाएवढ्या उभ्या रेघांतून तो आरपार जातो. त्या फक्त इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणाच्या असतात, घाबरू नये. जुनं फिलिंग काढून निळा रंग लावला की भेग उठून दिसते. शेवटी हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजतात. सगळीकडे 2-3 मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी अचानक 7-8, तर तडा मुळात उतरल्याची शंका घ्यावी.

उपचार यावरच ठरतो. नस शाबूत असेल तर कॅप पुरते. गार लागल्यावर कळ अर्धा मिनिट रेंगाळत असेल तर आधी रूट कॅनल, मग कॅप. दाढ मुळापर्यंत दुभंगली असेल तर काढावी लागते. तडा हाडासारखा जुळून येत नाही, त्यामुळे तपासणीपर्यंत त्या बाजूने चावू नये.