मास्क आपला, भट्टी कोणाची?

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरकं बसलं आणि माणसं पटापट दगावली. तेव्हा आकडा ४,००० सांगितला गेला. नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. हे बऱ्याच जणांच्या ऐकण्यात असतं. मला पुढच्या वर्षी जे झालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. १९५३ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मास्क द्यायचं ठरवलं. धूर होता तिथेच राहिला आणि तोंड झाकायचं काम रुग्णाच्या गळ्यात पडलं.

आज हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडली की पहिला सल्ला तोच मिळतो: मास्क लावा, पहाटे फिरायला जाऊ नका, परवडत असेल तर एअर प्युरिफायर घ्या. सल्ला खोटा नाही, पण तो कुठवर पुरतो?

हवेतल्या प्रदूषणाचा घातक भाग म्हणजे पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. एवढे बारीक कण नाका-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात. त्यातले अतिसूक्ष्म तर रक्तातही उतरतात. रुमाल किंवा ओढणी त्यांच्यापुढे फारशी कामाची नाही. एन-९५ मास्कच्या तंतूंवर विद्युतभार असतो, त्यामुळे कण ओढले जाऊन चिकटतात. सर्वांत अवघड असतात ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. मोठ्या कणांना हवेबरोबर वळता येत नाही, ते तंतूवर आदळतात. फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि सापडतात. मधले मात्र निसटायला बघतात. एन-९५ त्यांनाही किमान ९५ टक्के अडवतो.

हे मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असली किंवा नाकावरची पट्टी नीट दाबली नाही, तर हवा कडेने शिरते. चष्म्यावर वाफ धरत असेल तर मास्क वरून गळतोय, असं समजावं. चौकात ड्युटीवर असलेल्या वाहतूक पोलिसाने किंवा सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्या मजुराने तो दिवसभर घट्ट लावून ठेवावा, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. प्युरिफायर खिडक्या बंद ठेवल्या तर चालतो, आणि स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळं एकाच खोलीत असलेल्या घरात खिडक्या बंद ठेवून राहता येत नाही.

हवा किती वाईट हे ठरवणंसुद्धा आपल्या हातात नाही. पीएम २.५ साठी चोवीस तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे हवेचा दर्जा दाखवणाऱ्या फलकावर हवा ‘समाधानकारक’ दिसत असतानाही ती संघटनेच्या मर्यादेच्या जवळपास चौपट वाईट असू शकते.

लंडनमध्ये कारखाने आणि वीजकेंद्रं होतीच, पण बराचसा धूर घराघरांतल्या शेगड्यांचा होता. मग चूक लोकांची? चांगला कोळसा परकीय चलनासाठी निर्यात होत होता आणि घरी जाळायला हलका, धुराचा कोळसा मिळत होता. एकट्याने शेगडी विझवली तर तो थंडीत कुडकुडणार आणि शेजाऱ्यांचा धूर खाणार तो खाणारच. अशा ठिकाणी सगळ्यांना एकदम लागू होणारा नियमच लागतो.

तो १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने आणला. पालिकांना धूरमुक्त विभाग जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चाची वाटणीही त्याच कायद्यात ठरली: साधारण ४० टक्के केंद्र सरकार, ३० टक्के स्थानिक पालिका, ३० टक्के घरमालक. कोणाची जबाबदारी किती, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

मुंबईत सध्या प्रश्न पावाच्या भट्ट्यांचा आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. आदेश योग्यच आहे. या भट्ट्यांत स्वस्त म्हणून जुन्या फर्निचरचं, रंग आणि प्लायवूडचं भंगारही जळतं, आणि तो विषारी धूर आधी भट्टीपुढे उभ्या कामगाराच्या छातीत जातो, मग गल्लीत.

सोसायटीच्या मागे पालापाचोळा न जाळणं, शेकोटीत प्लास्टिक न टाकणं, हे ज्याचं त्याने आजच थांबवावं. त्याला कुणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. भट्टीचं तसं नाही. विटांची जुनी भट्टी पाडायची, गॅसची जोडणी घ्यायची, नवा ओव्हन आणायचा, आणि तेवढे दिवस धंदा बंद. वडापावचा पाव पुरवणाऱ्या छोट्या बेकरीवाल्याला हे एकट्याने झेपणारं नाही. यातलं राज्याने किती द्यायचं, पालिकेने किती आणि मालकाने किती, हे मुदतीच्या तारखेइतकंच ठळकपणे आदेशात लिहिलेलं हवं.