जिन्यातला सिंहगड

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि सह्याद्रीत पळणाऱ्यांकडे उरलं काय, तर दोन खोल्या, बाल्कनी आणि सोसायटीचा जिना. यातला जिना सर्वांत कामाचा. पण पायांनी चढून लिफ्टने खाली येणाऱ्याचा अर्धा व्यायाम बुडतो, आणि बुडतो तो नेमका जास्त मोलाचा अर्धा.

आधी चढाचा हिशोब. पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगडाचा चढ साधारण ६०० मीटर. एक मजला ३ मीटरचा धरला तर सात मजल्यांचे २१ मीटर, म्हणजे एक सिंहगड २९ फेऱ्यांचा. ७० किलोचं शरीर एवढं वर न्यायला १०० किलोकॅलरींच्या आसपास काम होतं. पण स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतला पाव-पंचमांश भागच कामी लावतात, त्यामुळे प्रत्यक्षात चार-पाचशे जळतात. पळणं थांबलं की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग घटतो आणि दमसास उतरतो. ही घसरण जिना बऱ्यापैकी थोपवतो.

उताराची गोष्ट निराळी. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत असताना ब्रेक मारतो. या कामात कमी तंतूंवर जास्त ताण येतो, त्यांत सूक्ष्म इजा होते. दम लागत नाही म्हणून आपण फसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमोडवर बसताना मांड्या सांगतात. गंमत अशी, की या एका इजेनंतर स्नायू सावध होतो आणि पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला कमी दुखवतो. म्हणून थोडा का होईना, उतार चालू ठेवायचा.

पहिल्या दिवशी पाचच फेऱ्या. उतरताना पळायचं नाही, प्रत्येक पायरी टेकायची. मग ४८ तास सुट्टी. हळूहळू आठवड्याला दोन-तीन फेऱ्या वाढवाव्यात. रोज बाहेर पडणं जमत नसेल तर सर्वांत खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहून, तीन आकडे मोजत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला फक्त लावायची: प्रत्येक पायाचे आठ, असे तीन संच. गुडघा आत झुकला की संच तिथेच थांबवा. पाठीवर वजन हवं तर पाच किलोची तांदळाची पिशवी सॅकमध्ये घट्ट बांधा. हलती पिशवी कंबर धरते.

जिन्याचा एक दोष आहे: तो एकाच बाजूला वळतो. उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेकचा भार बाहेरच्या त्याच पायावर पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू कुरकुरू लागते. वळणापाशी दोन पावलं सावकाश चालावं. बाल्कनीत हे आणखी वाईट. मार्च २०२० मध्ये फ्रान्समध्ये एकाने ७ मीटरच्या बाल्कनीत अख्खी मॅरेथॉन काढली. म्हणजे सहा हजारांवर वळणं, तितक्याच वेळा थांबणं आणि सुटणं. हौस म्हणून ठीक, सराव म्हणून पोटऱ्यांचा छळ.

फेऱ्या आणि चढ मोजणाऱ्या स्पोर्ट्स घड्याळावरही विसंबू नका. छपराखाली जीपीएस भरकटतं आणि उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. आपल्याकडे सकाळी दहा ते दुपारी चार दाब तीन-चार हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळाला आपण आठेक मीटर चढलो असं वाटतं. सोफ्यावर पडल्या पडल्या पंचवीस-तीस मीटर ‘चढ’ जमा होऊ शकतो. त्यापेक्षा खिशात वाटाणे ठेवून फेऱ्या मोजलेल्या बऱ्या.

जिना जे देत नाही ते म्हणजे घसारा, सुट्या खडी-मातीचा घसरडा उतार. सारख्या पायऱ्यांवर घोट्याला काही ठरवावंच लागत नाही. दात घासताना घडी केलेल्या गोधडीवर एका पायावर मिनिटभर उभं राहा; जमलं की भिंतीला हात लावून, डोळे मिटून. दोरीवरच्या उड्या मात्र खालच्या मजल्यावरच्यांची झोप झाल्यावर.

असं घरात अडकणं संपल्यावर पहिला गड चढायला सोपा वाटेल, कारण दमसास जिन्याने राखलेला असतो. उतरताना मात्र चालतच या. मांड्या टणक होऊन सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर ती नेहमीची दुखण नव्हे. स्नायू फुटून त्यातली प्रथिनं मूत्रपिंडात उतरताहेत, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.