वॉलफर्ड लंडनमध्ये शोधू नका

बीबीसीची ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका १९ फेब्रुवारी १९८५ला सुरू झाली. तिच्यातलं वॉलफर्ड हे पूर्व लंडनमधलं खरंखुरं उपनगर आहे, असं अनेक जण आजही ठामपणे सांगतात. ते खरं नाही. वॉलथॅमस्टो आणि स्ट्रॅटफर्ड या दोन खऱ्या भागांची नावं जोडून हे नाव तयार केलं गेलं.

पुरावा म्हणून हमखास पुढे केला जातो तो ‘ई२०’ हा टपाल विभाग. गोंधळाचं मूळ इथेच आहे. मालिका सुरू झाली तेव्हा पूर्व लंडनचे विभाग ई१८पर्यंतच होते. ई२० फक्त मालिकेत होता. पुढे २०११मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक पार्कला हाच क्रमांक दिला. म्हणजे आधी मालिका, मग खरा पत्ता! कल्पनेतला पत्ता टपाल खात्याच्या यादीत जावा, हे मला फार विलक्षण वाटतं. पण ऑलिम्पिक पार्क म्हणजे वॉलफर्ड नव्हे.

चित्रीकरणही पूर्व लंडनमध्ये होत नाही. मालिकेतला अल्बर्ट स्क्वेअर हा चौक म्हणजे लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशरमधल्या बोरहॅमवुड इथे उभारलेला सेट. त्याचा नमुना मात्र अस्सल ईस्ट एंडचा, म्हणजे पूर्व लंडनचा: हॅकनेमधला फॅसेट स्क्वेअर. तिथली जुनी घरं आणि मधली बाग आजही पाहता येते.

राहिलं ‘वॉलफर्ड ईस्ट’ स्टेशन. मालिकेतल्या ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, नकाशात ते ब्रॉम्ली-बाय-बो या खऱ्या स्टेशनच्या जागी दाखवतात. डिस्ट्रिक्ट लाइनने गेलात तर तिथेच उतरा.