भयपटातल्या पोराला आधी कसं कळतं?

भयपटांचा एक साचा ठरून गेलेला आहे. घरात एक कुलूपबंद खोली, ज्याचं नावही कुणी काढत नाही असा एखादा मेलेला नातेवाईक आणि रात्री न झोपणारं एक मूल. मोठी माणसं 'काही नाही, झोप तू' म्हणत राहतात. प्रेक्षकाला मात्र लवकरच कळून चुकतं की, या घरातलं खरं काय ते त्या पोरालाच ठाऊक आहे. भुताखेतांचं सोडून देऊ. पण घरच्यांनी दडवलेलं मुलाला जाणवतं, हा दावा कितपत खरा?

बऱ्यापैकी खरा. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी 1960 साली मांडलेला एक प्रयोग मानसशास्त्रात फार गाजला. एक मोठं टेबल, वर जाड काच. अर्ध्या भागात चौकटीचं कापड काचेला चिकटून, उरलेल्या अर्ध्यात ते खाली खोलवर. त्यामुळे मधेच कडा तुटल्यासारखा भास होतो. 1985 मध्ये जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांनी काचेखालची ही खोली मुद्दाम 30 सेंटिमीटरच्या आसपास ठेवली. धड सपाट नाही, धड भीतीदायकही नाही. वर्षाचं बाळ रांगत कडेपाशी येतं, थबकतं, खाली बघतं आणि मग मान वर करून पलीकडे उभ्या असलेल्या आईकडे बघतं. आईने बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. आई हसरी दिसली तेव्हा 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. घाबरलेली दिसली तेव्हा 17 पैकी एकही नाही.

म्हणजे समोरचा प्रकार काय आहे हे कळण्याआधीच त्याला भ्यायचं की नाही, हे मूल दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवून मोकळं होतं.

पण गुपित सांभाळणारी माणसं चेहरा कोरा ठेवतात, त्याचं काय? सारा वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये नेमकं हेच तपासलं. सात ते अकरा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक. दोघांच्याही अंगावर सेन्सर लावले, आधी पालकांना ताण येईल असं काम दिलं आणि मग मुलाशी बोलायला बसवलं. काही पालकांना भावना दाबायला सांगितलं होतं. आयांनी भावना दाबल्या तेव्हा मुलांच्या शरीरात ताणाच्या खुणा जास्त दिसल्या. वडिलांनी दाबल्या काय नि न दाबल्या काय, फारसा फरक नव्हता. (याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या घरात लावावा.)

पटकथा चुकते ती पुढे. मुलापर्यंत ताण पोहोचतो, गुपित नव्हे. उरलेली जागा ते कल्पनेने भरतं आणि ही कल्पना भलतीच चिवट असते. पॉल हॅरिस यांनी 1991 च्या एका प्रयोगात लहान मुलांना रिकामी पेटी दाखवून 'आत राक्षस आहे अशी कल्पना करा' म्हटलं. राक्षस खोटा आहे, हे मुलांनी स्वतःच सांगितलं. तरीही प्रयोगकर्ती खोलीबाहेर जायला निघाली तेव्हा सर्वांत लहानांपैकी काही जण तिला जाऊ देईनात. मुलं एकटी राहिल्यावर पेटीशी चाळा करणारीही निघालीच.

डोळे सताड उघडे ठेवून किंचाळणारं, आईलाही न ओळखणारं मूल हा तर हुकमी प्रसंग. पडद्यावर त्याला काहीतरी दिसत असतं. प्रत्यक्षात अशी मुलं बहुधा गाढ झोपेतून अर्धवट बाहेर आलेली असतात. हे सहसा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात होतं आणि सकाळी मुलाला काहीच आठवत नाही. रात्रभर थरथरतात ते आईबाप.

आणि आपण? आपणही भूत कमी आणि त्या पोराचा चेहराच जास्त बघत असतो, अगदी काचेवरच्या बाळासारखे. भरीला ती किंकाळी. साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. किंकाळीत 30 ते 150 वेळा. हाच तो कानाला जाणवणारा खरखरीतपणा. आवाज जितका खरखरीत तितका तो भीतीदायक वाटतो आणि मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग तितका जास्त चेततो, हे लुक अर्नाल आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं. धोक्याच्या भोंग्यांतही हाच गुण सापडला. तेव्हा थिएटरात अगदीच असह्य झालं, तर डोळ्यांवर हात ठेवून निम्मंच काम होतं. कान झाकावेत.