स्वयंपाकघरात रेंज का नाही?

लालबागच्या चाळीत आमची खोली दहा बाय बाराची होती. तिथे आईचा फोन कुठेही लागायचा. मोरीपाशी, पोटमाळ्यावर, गॅलरीच्या टोकाला, कुठेही. मग पुनर्विकास झाला, त्याच जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेलो. कंपनी तीच, सिम तेच, हँडसेटही तोच. पण आई स्वयंपाकघरात असली की तिचा फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. चिपळूणहून मावशीचा फोन येणार असला की ती आधीपासूनच बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची. बाल्कनीत तर वेगळंच कोडं होतं. रेंजच्या काड्या भरलेल्या दिसत, तरी व्हिडिओ कॉलवरचं चाक फिरतच राही.

कंपनीच्या ग्राहक सेवेला मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘तुमच्या भागात आमचं नेटवर्क उत्तम आहे.’ मला राग आला, पण पुढे स्वतः मोजमाप केलं तेव्हा कळलं की उत्तर खोटं नव्हतं. भागात नेटवर्क उत्तमच होतं. आमच्या स्वयंपाकघरात नव्हतं.

‘कुठल्या कंपनीचं नेटवर्क चांगलं?’ हा प्रश्न आपण सतत एकमेकांना विचारतो. मुंबईत आज पाऊस किती झाला, असं विचारण्यासारखाच तो प्रश्न आहे. कुलाब्याचा आकडा वेगळा, सांताक्रूझचा वेगळा, आणि सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. नेटवर्कही जागेचं आणि वेळेचं असतं. त्यात दूरसंचार परवान्यांसाठी मुंबई हे उरलेल्या महाराष्ट्रापासून वेगळं मंडळ आहे. कंपन्या लहरींचे पट्टे मंडळानुसार विकत घेतात, त्यामुळे एकाच कंपनीकडे मुंबईत जेवढ्या लहरी असतात तेवढ्याच पुण्यात किंवा कोकणात असतील असं नाही. ‘आमच्याकडे मस्त चालतं’ हा मावशीचा अनुभव चिपळूणपुरता खरा आहे. लालबागला त्याचा उपयोग नाही.

आधी भिंतींचं बघू. फोन आणि मोबाइलचा टॉवर यांच्यात रेडिओ लहरी ये-जा करतात. त्या सेकंदाला किती वेळा हेलकावतात ते मेगाहर्ट्झमध्ये मोजतात; एक मेगाहर्ट्झ म्हणजे दहा लाख हेलकावे. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर असते, म्हणजे फूटपट्टीपेक्षा थोडी जास्त. १८०० मेगाहर्ट्झला ती १७ सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि फाइव्ह-जीसाठी आपल्याकडे वापरतात त्या ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साडेआठ सेंटिमीटर. लांब लहरी इमारतींच्या कडांना वळसा घालून पलीकडे पोचतात आणि भिंतीतूनही कमी झिजून जातात. आखूड लहरी भिंतीत जास्त मुरतात.

किती मुरतात, याचा हिशेब डेसिबलमध्ये करतात. ३ डेसिबल घटले म्हणजे ताकद निम्मी झाली, १० घटले म्हणजे दहावा भाग उरला, २० घटले म्हणजे शंभरावा. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणारी थ्रीजीपीपी नावाची संघटना आहे. तिच्या गणिती प्रारूपात काँक्रीटची एक भिंत ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीचे सुमारे ९ डेसिबल खाते, तर ३५०० च्या लहरीचे सुमारे १९. म्हणजे एक भिंत ओलांडल्यावर पहिलीचा आठवा भाग उरतो आणि दुसरीचा ऐंशीवा. दोन भिंती असल्या तर चौसष्टावा भाग आणि सहा हजार चारशेवा भाग. साधी काच दोन-तीन डेसिबलच घेते. पण ऊन अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच, जी आता नव्या इमारतींना सर्रास लावतात, ती २३-२४ डेसिबल घेते. बाहेरचं सगळं स्वच्छ दिसतं आणि रेडिओ लहरींसाठी मात्र तीच काच काँक्रीटपेक्षा जाड भिंत ठरते.

आता चाळ आठवून बघा. लाकडी खांब, विटांच्या भिंती, कौलारू छप्पर, दोन्हीकडे उघडी दारं-खिडक्या. लहरींना आत यायला शंभर वाटा. आमची नवी इमारत मायवान पद्धतीची आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओतलेल्या. खोल्यांमधल्या भिंतीतही सळया. आमचं स्वयंपाकघर इमारतीच्या मधल्या बाजूला, एका अंगाला जिना आणि लिफ्टचा गाळा, आणि खिडकी उघडते ती अरुंद डक्टमध्ये. आईच्या फोनपर्यंत पोचायला लहरीला तीन भिंती पार कराव्या लागत होत्या.

अशा ठिकाणी कंपनीकडे खालचे, म्हणजे कमी मेगाहर्ट्झचे, पट्टे आहेत का, याला महत्त्व येतं. जिओकडे ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झ आहेत, एअरटेल आणि व्हीआयकडे (व्होडाफोन आयडिया) ९००. मग सगळं खालच्या पट्ट्यातच का नाही चालवत? कारण तिथे जागा नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये दाखवून दिलं की एखाद्या वाहिनीतून किती माहिती जाऊ शकते हे दोन गोष्टींवर ठरतं: पट्ट्याची रुंदी, आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेशाची ताकद. रुंदी दुप्पट केली तर क्षमता सरळ दुप्पट होते. ताकद दुप्पट केली तर, संदेश आधीच चांगला असेल तेव्हा, थोडीच वाढते. खालच्या पट्ट्यांत एकेका कंपनीच्या वाट्याला पाच-दहा मेगाहर्ट्झची रुंदी येते. ३५०० च्या पट्ट्यात जिओ आणि एअरटेल यांनी २०२२ च्या लिलावात प्रत्येक मंडळात प्रत्येकी किमान १०० मेगाहर्ट्झ घेतले. रेल्वेच्या अरुंद जिन्याच्या जागी रुंद पूल बांधावा तसं हे आहे. पूल मोठा, पण तो तुमच्या दारापर्यंत येत नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्ह-जी सुरू झाल्यावर जाहिरातीत जो वेग दिसला तो रुंद पुलावरचा. आपल्या घरात फोन पुष्कळदा त्या अरुंद जिन्यानेच ये-जा करत असतो.

आता बाल्कनीचं कोडं. मला स्वतःला या सगळ्यात हाच भाग सर्वांत रंजक वाटतो, कारण तो माझ्या समजुतीच्या उलट निघाला. मला वाटायचं, उंचावर गेलं की रेंज वाढते. टॉवरवरचे अँटेना मात्र जमिनीवरच्या माणसांसाठी लावलेले असतात. त्यांचा झोत उभ्या दिशेने अगदी चपटा असतो, आणि तोही काही अंश खाली झुकवलेला. म्हणून गच्चीवर टॉवर असलेल्या इमारतीतल्या लोकांना कधीकधी रेंज मिळत नाही. दिव्याखाली अंधार, अक्षरशः. आणि आजूबाजूच्या बुटक्या इमारतींवरचे झोत एकोणिसाव्या मजल्याच्या खालूनच निघून जातात. आमच्या बाल्कनीत येतात ती त्या झोतांची उडालेली कडेकडेची टोकं, आणि समोर आडोसा काहीच नसल्यामुळे ती परळ, भायखळा, वडाळा अशी चहूबाजूंनी येतात.

फोर-जीत शेजारशेजारचे टॉवर तोच पट्टा वापरतात. रस्त्यावर उभं असताना इमारतींच्या आडोशामुळे एखादाच टॉवर जोरात ऐकू येतो, बाकीचे दबलेले असतात. बाल्कनीत मात्र आठ-दहा टॉवर जवळपास सारख्याच आवाजात बोलतात. दादरच्या फुलबाजारात पहाटे सगळे विक्रेते एकदम ओरडत असतात. आवाज भरपूर असतो, पण शब्द एकही धड कळत नाही. फोनवरच्या काड्या मुख्यतः आवाजाची ताकद दाखवतात. शब्द किती स्पष्ट आहे, हे त्यावरून कळत नाही. शिवाय किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या याचा ठरलेला नियम नाही. प्रत्येक फोन बनवणारा ते आपल्या मनाने ठरवतो. त्यामुळे ‘माझ्याकडे चार काड्या, तुझ्याकडे दोनच’ या तुलनेला अर्थ उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी क्वचितच कुणी सांगतं. टॉवर बोलतो दहा-वीस वॉटने किंवा त्याहून जोरात. आपला फोन फोर-जीवर साधारण पाव वॉटने. त्यामुळे बहुतेक वेळा अडतं ते आपल्या बाजूने. आपल्याला पलीकडचं नीट ऐकू येत असतं आणि मावशी म्हणत असते, ‘अगं, तुझा आवाज तुटतोय.’ रेंज कमी असली की फोन आपली सगळी ताकद लावून ओरडत राहतो, म्हणूनच अशा घरात बॅटरी दुपारपर्यंत उतरते.

गर्दीचं गणित मुंबईकराला समजवायला नको. एका टॉवरची क्षमता त्याच्या आवाक्यातल्या सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी सात वाजता दादरला लोकल शिरते तेव्हा हजारो फोन एकदम एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. एसी लोकलमध्ये दारं बंद, धातूचा डबा, म्हणजे भिंतीची अडचणही त्यात मिसळते. म्हणून दुपारी तीन वाजता घेतलेली वेगचाचणी रात्री नऊला उपयोगी नाही.

मी मोजायला बसलो ते असं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती बघितली की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे ताकद मोजण्याच्या डेसिबलच्या एककात, दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तो पडदा उघडतो. आकडा उणे असतो. फोर-जीला उणे ८५ च्या वर असेल तर छान, उणे ११० च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतात. उणे ८० आणि उणे ११० यांत ३० डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे ताकदीत हजारपट फरक. घरात, शेजारी, भावाकडे मिळून तिन्ही खासगी कंपन्यांची सिम होती. ती आळीपाळीने एकाच फोनमध्ये घातली, कारण फोन बदलला तर अँटेना बदलतो आणि तुलना फसते. वहीत पाच जागा लिहिल्या: स्वयंपाकघर, आईची खोली, बाल्कनी, लिफ्टसमोरचा पॅसेज, आणि ती रोज जाते तो भाजीबाजार. प्रत्येक जागी दुपारी आणि रात्री साडेनऊला. आकडा, एक कॉल, एक वेगचाचणी. दोन आठवडे.

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमानुसार कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर व्याप्तीचे नकाशे द्यावे लागतात. ते जरूर बघावेत, पण भिंतीआड काय होतं ते नकाशावर दिसत नाही. आमच्या वहीत स्वयंपाकघरात जुनं सिम उणे ११८, दुसरं उणे ११४, तिसरं उणे १०१. बाल्कनीत जुनं सिम सगळ्यांत ‘जोरात’ आणि वेगात सगळ्यांत मागे. निकाल स्पष्ट होता.

मग प्लॅनचा प्रश्न, आणि त्यात फार अवघड काही नाही. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज, कारण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. ट्रायच्या २०२२ च्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पर्यायही ठेवावा लागतो. विचारल्याशिवाय दुकानदार तो सांगेलच असं नाही. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये मध्यरात्री उरलेला डेटा बुडतो. घरी वायफाय असलेल्या आईसारख्या माणसाला तो विकत घेण्यात पैसे वायाच जातात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल अशी तरतूद केली. ज्येष्ठांसाठी हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो. मुंबईत तो चार दिवस चालतो. आधीच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं. मंडळातल्या मंडळात तीन कामाच्या दिवसांत नंबर हलतो. जुना उरलेला बॅलन्स आणि पॅक मात्र सोबत येत नाही, म्हणून मुदत संपत आली की अर्ज करावा. बदल होताना काही तास फोन बंद राहू शकतो, तेव्हा प्रवासाची किंवा दवाखान्याची तारीख टाळावी.

पोर्ट करण्याआधी मी एक गोष्ट करून बघितली नव्हती, याचं मला वाईट वाटतं: वायफाय कॉलिंग. सेटिंगमध्ये ते चालू केलं की कॉल घरच्या ब्रॉडबँडवरून जातो आणि भिंतींचा प्रश्न बराचसा मिटतो. फोन आणि कंपनी दोन्हींची साथ लागते, आणि वीज गेली की राउटरही जातो. बाजारात मिळणारा बूस्टर मात्र लावू नये. परवानगीशिवाय तो बेकायदा आहे, आणि तो स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवून जवळच्या टॉवरचे कान बधिर करतो. आपली रेंज सुधारते आणि अख्ख्या गल्लीची बिघडते. खरा उपाय इमारतीच्या आत कंपन्यांचे छोटे अँटेना बसवण्याचा आहे. ते काम सोसायटीच्या पातळीवरचं, आणि सभेत विषय काढायला कुणीतरी लागतं.

आईचा नंबर तिसऱ्या कंपनीकडे गेला. पहिल्या रविवारी मावशीचा फोन आला तेव्हा ती गॅसपाशी होती, आणि बोलत बोलत तिने फोडणीही दिली. हे बघून चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘मलाही त्याच कंपनीत घाल.’ मी तोच फोन, तीच तीन सिम आणि वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. चौथा मजला समोरच्या टॉवरच्या झोतात येतो आणि त्यांचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे. तिथे आईचं जुनं सिम उणे ८३ दाखवत होतं आणि नवं उणे १०४. काकूंनी कंपनी बदलली नाही. फक्त २८ दिवसांचा डेटा पॅक सोडून कॉलचा पॅक घेतला.